गुळवेलीचा निवाडा कोणी करायचा?

२०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद त्यात होती. आयुष मंत्रालयाने लगोलग खुलासा केला. गुळवेलीवर असा ठपका ठेवणं दिशाभूल करणारं आहे, रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे आधी तपासायला हवं होतं, असं मंत्रालयाचं म्हणणं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली आणि हाती आलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली. तरी वाद मिटला नाही. घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तट पडले. ‘हजारो वर्षांचं औषध कधी अपाय करेल का?’ असं एक तट विचारत होता, तर ‘झाडपाल्याच्या नादी लागू नका’ असं दुसरा बजावत होता.

या वादात मला खटकलं ते वेगळंच. प्रश्न अगदी साधे होते. वेल कोणती होती? किती घेतली, किती दिवस? आधीपासून कोणता आजार होता? गुळवेल शरीरात नेमकं काय करते? या चारही प्रश्नांची उत्तरं एका छताखाली शोधणारी जागा म्हणजे विद्यापीठातला औषधांचा अभ्यास करणारा विभाग. तिथे वनस्पती ओळखणारा माणूस असतो, प्रयोगशाळा असते, पलीकडे रुग्णांचा वॉर्ड असतो, आणि औषधाच्या खपाशी कोणाचंही देणंघेणं नसतं. अशी जागा आपल्याकडे नव्हतीच, असंही नाही. ती मुंबईतच, परळला, उभी राहिली होती. तिचा इतिहास आपण विसरलो म्हणून गुळवेलीचा निवाडा मंत्रालयाच्या पत्रकावर आणि फॉरवर्ड केलेल्या निरोपांवर सोडावा लागला. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असा विभाग पुन्हा उभा करावा आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ओळखीबद्दल बोलू. मी फार्मसीच्या मुलांना फार्माकॉग्नोसी शिकवते, म्हणजे औषधी द्रव्यं ओळखायला आणि पारखायला शिकवते. हिरवी वेल समोर असेल तर गुळवेल ओळखणं फारसं कठीण नाही, पण ते शिकावं लागतं. गुळवेल आणि क्रिस्पा, पान दोघींचंही हृदयाच्या आकाराचं असतं, फरक कळतो तो खोडात. आपल्या गुळवेलीची साल पातळ, पापुद्र्यासारखी सुटते, नखाने खरवडली की आत हिरवं दिसतं, आणि आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटलेल्या असतात. क्रिस्पाच्या खोडावर हाताला लागतील अशा गाठी गाठी असतात. एकदा का खोड वाळवून भरड केली आणि तिची पूड डबीत गेली, की डोळ्यांना काहीच कळत नाही. मग सूक्ष्मदर्शक काढायचा. पूड क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून स्वच्छ करायची, काचपट्टीवर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब आणि त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. लिग्निन असलेल्या पेशी गुलाबी-लाल होतात आणि तंतू, वाहिन्या स्पष्ट दिसू लागतात. स्टार्चचे कण पाहायचे तर वेगळी काचपट्टी करावी लागते, कारण क्लोरल हायड्रेटमध्ये स्टार्च विरघळून जातो. एवढं सगळं करूनही ताडून पाहायला खात्रीचा नमुना हवा. कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कोणी गोळा केला आणि कोणी ओळखला, हे लिहून ठेवलेला.

ही बारीकसारीक कामं वाटतात, पण बाजाराचा अनुभव असलेल्या कोणालाही विचारा. काष्ठौषधीच्या दुकानात ‘अशोकाची साल’ म्हणून जे मिळतं त्यात सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळसोट आसुपालवाची साल सर्रास मिसळलेली असते. खरा सीतेचा अशोक वेगळा, त्याची नारिंगी-लाल फुलं वेगळी आणि त्याची झाडं आता जंगलात कमी उरली आहेत. चुकीच्या सालीवर उत्तम प्रतीचा प्रयोग केला तरी निष्कर्ष भलत्याच झाडाचा निघतो. आणि संशोधनातसुद्धा ही ओळख बऱ्याचदा एक उपचार म्हणून उरकली जाते. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी एक फांदी घेऊन मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जातो, तिथले जाणकार ती फांदी ओळखून दाखला देतात आणि प्रत्यक्ष प्रयोगाला लागणारी चार किलो पूड मात्र बाजारातून येते. दाखला फांदीचा असतो आणि प्रयोग होतो पुडीवर. हर्बेरियममधल्या जाणकारांचा यात काडीचा दोष नाही. वनस्पती ओळखणारा आणि औषध तपासणारा यांना आपण दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या विद्यापीठांत बसवलं आहे, दोष त्याचा आहे.

आता परळकडे वळते. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय १९२५-२६ साली सुरू झालं तेच एका अटीवर. देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. त्या काळी ही मागणी लहान नव्हती. साधारण त्याच सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा देशी औषधांची एकेक करून तपासणी करत होते. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९३०-३१ ची औषध चौकशी समिती बसली, आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा आला. या मंडळींची धारणा सरळ होती. देशी औषधाला मान द्यायचा तर ते परदेशी औषधाइतक्याच कठोरपणे तपासायचं.

सर्पगंधेची गोष्ट या काळातली. तिची मुळी वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकींनी तिच्यातून अल्कलॉइड (वनस्पतींतली औषधी गुणांची रसायनं) वेगळे केले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाब आणि मनोविकार यांवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. जगाचं लक्ष वेधलं गेलं ते मात्र १९४९ साली, के.ई.एम.चे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला तेव्हा. तीनच वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने याच मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळं केलं. ते जगभर रक्तदाबावर आणि मनोरुग्णालयांत वापरलं जाऊ लागलं आणि मग काही रुग्णांना त्याने नैराश्य येतं अशा नोंदी येऊ लागल्या.

ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, पण अर्धीच. ‘आपल्या मुळीतून जगाला औषध मिळालं’ इथे ती थांबते. पुढचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. त्याच मुळीचा अपायही मोजला गेला, मात्रा कमी झाली, आणि पुढे चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली. औषधाला औषध म्हणून वागवणं म्हणजे हेच. गुण आणि दोष दोन्ही एकाच वहीत मांडायचे.

परळच्या औषधशास्त्र विभागात ही वही पुढे चालू राहिली. रुग्णांवर औषधाची शास्त्रशुद्ध चाचणी कशी करावी, ही क्लिनिकल फार्माकॉलॉजीची शिस्त आपल्या देशात रुजवणाऱ्यांत या विभागाचे डॉ. यू. के. शेठ अग्रणी होते. नंतर आल्या डॉ. शरदिनी डहाणूकर. मराठी वाचकांना त्या ललित लेखिका म्हणून माहीत आहेत, पण त्यांचं खरं मोठं काम या विभागात झालं. डॉ. ऊर्मिला थत्ते आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आयुर्वेदातली ‘रसायन’ ही कल्पनाच तपासायला घेतली. गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, आवळा, हिरडा, पिंपळी. ही द्रव्यं शरीराचं बळ वाढवतात असं ग्रंथ सांगतात, तर ते बळ मोजायचं कसं? त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या पोटात जंतुसंसर्ग घडवला आणि आधी रसायन दिलेले प्राणी जास्त तगतात का ते पाहिलं. ऐंशीच्या दशकातल्या या निबंधांत भाषा कुठेही भारावलेली नाही. प्रश्न आयुर्वेदाचा आहे, मोजमाप औषधशास्त्राचं आहे आणि कोणीही कोणाला कमी लेखत नाही. याच विभागात पुढे आयुर्वेद संशोधन केंद्र उभं राहिलं.

गुळवेलीचं पुढे काय झालं ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणं जोखमीचं असतं. साठलेल्या पित्तामुळे प्रतिकारशक्ती ढासळते, रक्तात जंतू पसरतात आणि शस्त्रक्रिया नीट होऊनही रुग्ण दगावतो. के.ई.एम.मध्ये शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि औषधशास्त्र विभागाच्या डॉ. निर्मला रेगे, डॉ. डहाणूकर यांनी मिळून असे ३० रुग्ण घेतले. पित्ताचा निचरा सगळ्यांचाच केला. त्यांतल्या एका गटाला जोडीला गुळवेल दिली. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुळवेल न घेतलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना निचऱ्याच्या काळात सेप्टिसिमिया (रक्तात जंतू पसरणं) झाला, घेतलेल्यांपैकी एकालाही झाला नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाणही गुळवेल घेतलेल्यांत पुष्कळ जास्त होतं. तीस रुग्णांचा अभ्यास ही सुरुवात असते, शेवटचा शब्द नव्हे. पण तशी सुरुवात करायला काय लागतं ते पाहा. वेल ओळखणारा, अर्क करणारा, रक्त तपासणारा, शस्त्रक्रिया करणारा आणि रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारा निवासी डॉक्टर हे सगळे एका आवारात हवेत.

आणि याच के.ई.एम.चं नाव अपायांच्या नोंदींशीही जोडलेलं आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात भारत सामील झाला तेव्हा देशात नेमलेल्या मोजक्या केंद्रांत दिल्लीच्या एम्सबरोबर के.ई.एम. होतं. म्हणजे गुळवेल कोणाला तारते हे पाहणारे आणि औषध कोणाला मारतं हे लिहून ठेवणारे एकाच आवारात होते.

२०२१ च्या वादाकडे या इतिहासातून पाहिलं की तो वेगळाच दिसू लागतो. मुंबईच्या त्या शोधनिबंधात म्हटलं होतं की ही यकृताची इजा बहुधा स्वयंप्रतिकाराच्या जातीची आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, किंवा आधीपासून सुप्त असलेला असा आजार गुळवेलीने वर येतो. आता १९९३ चा निष्कर्ष आठवा. गुळवेल संरक्षण यंत्रणेला चालना देते असं वाटलं म्हणूनच ती त्या कावीळग्रस्तांना दिली होती. जी चालना खचलेल्या रुग्णाला उपयोगी पडते, तीच स्वयंप्रतिकाराचा कल असलेल्या माणसाला घातक ठरू शकते, हा धागा अगदी तर्काला धरून आहे. तो सिद्ध झाला आहे असं मी म्हणत नाही. पण ‘गुळवेल चांगली की वाईट’ या भांडणापेक्षा ‘कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, किती दिवस द्यावी’ हा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा होता. करोनासाठीच्या २०२० च्या राष्ट्रीय उपचार शिफारशींत गुडूची घनवटीचं, म्हणजे गुळवेलीच्या गोळीचं, नाव होतं आणि लोकांनी तर अंगणातली वेल तोडून महिनोन्‌महिने काढे प्यायले. तेव्हाच, प्रत्येक जिल्ह्यात, घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी आणि वेलीचा नमुना जपून ठेवण्याची व्यवस्था असती, तर दोन वर्षांत आपल्या हाती जगात कोणाकडे नाही अशी माहिती आली असती.

ती आली नाही, कारण मधल्या काळात आपण हे काम तोडून वाटून टाकलं. आयुर्वेदाचं संशोधन वेगळ्या परिषदेकडे, मग वेगळ्या खात्याकडे आणि २०१४ पासून वेगळ्या मंत्रालयाकडे गेलं. वेगळं मंत्रालय झाल्याने पैसा वाढला, हे मी नाकारत नाही. पण ज्या खात्याचं काम एखाद्या पद्धतीचा प्रसार करणं आहे, त्यालाच तिच्या दोषांचा न्याय करायला सांगणं त्या खात्यावरही अन्याय आहे. कायदाही याच वाटेने गेला. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक आणि युनानी औषधं औषध कायद्यात आली खरी, पण मान्य ग्रंथांतल्या पाठानुसार केलेल्या औषधाला परवाना मिळवायला सुरक्षिततेची वेगळी चाचणी लागत नाही. म्हणजे तपासणी कोणी मागतच नाही. मग ती करणाऱ्या विभागाला पैसा कोण देणार? प्रकल्प मिळाला की दोन-तीन वर्षं कंत्राटी संशोधक नेमायचे, प्रकल्प संपला की ते गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांनी जमवलेले नमुने कपाटाच्या वरच्या फळीवर. ज्या कामाला सलग तीस वर्षं लागतात, त्याला आपण तीन-तीन वर्षांचे तुकडे जोडतो आहोत.

हे काम खासगी कंपन्या करतील असंही काहींना वाटतं. मुंबईचाच अनुभव बघावा. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिलं की सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे. हा तोच रेणू, जो १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधला होता आणि ज्याच्यावरून पुढे कर्करोगाची औषधं झाली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या केंद्राने कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य काढलं, जे आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. ही केंद्रं उत्तम होती. पण कंपनीचा विचार बदलला की केंद्राचं भवितव्य बदलतं. हेक्स्टचं केंद्र १९९८ साली दुसऱ्या कंपनीकडे गेलं. आणि नरक्याचं काय झालं? तो पोत्यांत भरून घाटाखाली, घाटावर चोरून विकला गेला. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत त्याच्या तोडीचे गुन्हे नोंदवावे लागले. शोध आपल्या शहरात लागला, पण त्या झाडाची लागवड, त्याचा हिशेब आणि त्यावरचं पुढचं काम धरून ठेवणारी सार्वजनिक जागा नव्हती.

या मागणीला वैद्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, तुम्ही मुळीतून एक रेणू उपसता, त्याची गोळी करता आणि त्याला आयुर्वेदाची चाचणी म्हणता. प्रकृती, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते), काळ, पथ्य हे सगळं गेलं कुठे? बरोबर आहे. रेसरपीनची गोळी म्हणजे सर्पगंधेची वैद्यकी नव्हे. म्हणूनच अशा विभागात वैद्य पाहुणा म्हणून नको, पूर्णवेळ अध्यापक म्हणून हवा आणि चाचणीचा आराखडा त्याने सहकाऱ्यांबरोबर बसून ठरवायला हवा. तसं करता येतं याचा पुरावा आहे. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याच्या उपचाराची, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने बरं व्हायला वेळ जास्त लागला, पण आजार उलटण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ते ११ टक्के होतं. इथे कोणी सूत्रातला रेणू उपसला नव्हता. जशी वैद्यकी होती तशीच ती तपासली.

डॉक्टरांचा आक्षेप उलट्या बाजूचा असतो. आमच्याकडे क्षयरोग, मधुमेह, कर्करोग एवढं पडलं असताना पाल्याच्या मागे वेळ का घालवायचा? कारण तुमचा रुग्ण तो पाला घेतोच आहे. तुम्हाला सांगत नाही, एवढंच. बाह्यरुग्ण विभागात गोळ्यांची यादी विचारली जाते तेव्हा काढा, चूर्ण, आसव ही औषधं आहेत असं रुग्णालाच वाटत नसतं. म्हणून ती केसपेपरवर येत नाहीत आणि यकृत बिघडल्यावर शोधाशोध सुरू होते.

महाराष्ट्राला हे करणं इतर राज्यांपेक्षा सोपं आहे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ॲलोपथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या सगळ्यांची महाविद्यालयं एकाच छत्राखाली चालवतं. फार्मसी तेवढी पुणे, मुंबई, लोणेरे अशा दुसऱ्या विद्यापीठांकडे आहे, आणि ती दरी विद्यापीठांनी आपसात करार करून बुजवावी. पुण्याचं ससून, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज इथल्या सरकारी महाविद्यालयांपासून सुरुवात करावी. औषधशास्त्र विभागात फार्माकॉग्नोसी जाणणाऱ्याची एक आणि वैद्याची एक अशा दोन कायम जागा द्याव्यात. नमुने ठेवायला एक कोरडी, कीडमुक्त खोली द्यावी. रुग्णावर किंवा प्राण्यावर वापरलेल्या प्रत्येक वनस्पतीच्या त्याच घाण्यातला नमुना नोंद करून निदान दहा वर्षं ठेवण्याची सक्ती करावी आणि असा नमुना नसेल तर प्रबंध स्वीकारू नये. दुष्परिणाम नोंदवण्याचे जे अर्ज आज वॉर्डांत आहेत, त्यांत ‘घरगुती किंवा वनौषधी घेता का, ती सोबत आणता येईल का’ हा प्रश्न पहिल्या पानावर यावा.

आणि एक गोष्ट नियमातच लिहून ठेवावी लागेल. या विभागाचा निष्कर्ष एखाद्या वनस्पतीच्या विरुद्ध गेला, तरी तो छापायला कोणत्याही खात्याची परवानगी लागणार नाही. निष्कर्ष बाजूने गेला, तर तो जाहिरातीत वापरायला मात्र विद्यापीठाची परवानगी लागेल.